उद्या तपासणी, मग आजची गोळी घ्यायची का?

आरोग्याच्या या बैठकीत आज एक छोटासा वाटणारा प्रश्न घेऊ या. तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या दवाखान्यात हृदयाची तपासणी ठरते. पट्ट्यावर चालवून कार्डिओग्राम काढायचा असतो, किंवा छातीवर यंत्र लावून दिवसभर ठोक्यांची नोंद घ्यायची असते. तपासणीची तारीख मिळते, पैशांची सोय होते, सोबत कोण येणार तेही ठरतं. आदल्या रात्री मात्र घरात चर्चा सुरू होते. ठोके कमी करणारी किंवा बीपीची जी गोळी रोज चालू आहे, ती उद्या सकाळी घ्यायची की नाही?

शेजारीण म्हणते, "बंद ठेव, नाहीतर तपासणीत काही दिसायचं नाही." जाऊबाई म्हणतात, "डॉक्टरांनी रोज घ्या म्हणून सांगितलंय ना, मग घे." तिसरी कुणी म्हणते, "उपाशीपोटी यायला सांगितलंय, म्हणजे गोळी पण नाहीच." तिघीही आपल्या मायेपोटीच बोलतात. पण या प्रश्नाला सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. कुणाची गोळी थांबवावी लागते. कुणाची थांबवली तर जिवावर बेततं. हे असं का, ते समजायला थोडं मागे जाऊ या. नाडी मंद करणारी औषधं आणि हृदय तपासणारी यंत्रं वेगवेगळ्या वाटांनी आली. त्यांची गाठ पडली तेव्हा डॉक्टरांनाही बरंच नव्याने शिकावं लागलं.

एका म्हातारीचा काढा

सुरुवात इंग्लंडमधल्या एका बाईपासून होते. १७७५ साली विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरांना श्रॉपशर भागातल्या एका म्हातारीच्या काढ्याबद्दल विचारण्यात आलं. अंगावर, पायांवर पाणी चढून सूज आलेली माणसं तिच्या काढ्याने बरी होत, आणि त्यांत काही वेळा डॉक्टरांनी हात टेकलेले रोगीही असत. काढ्यात वीसएक वनस्पती होत्या. त्यातली खरं काम करणारी वनस्पती फॉक्सग्लव्ह आहे, हे विदरिंगनी ओळखलं. तिचं शास्त्रीय नाव डिजिटॅलिस. पुढची दहा वर्षं त्यांनी कुणाला किती दिलं आणि काय झालं याची नोंद ठेवली आणि १७८५ साली पुस्तक छापलं. त्या म्हातारीचं नाव मात्र त्यांनी लिहून ठेवलं नाही.

पुस्तकात त्यांनी एक इशाराही दिला. हे औषध जास्त झालं तर उलट्या होतात, डोळ्यांपुढे हिरवं-पिवळं दिसतं आणि नाडी मंदावते, अगदी मिनिटाला ३५ ठोक्यांपर्यंत उतरते. आपल्या अंगणातल्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांमध्येही याच जातीचं विष असतं. त्यामुळे असले प्रयोग घरी कधीही करायचे नाहीत. डिजिटॅलिसमधून मिळणारं डिगॉक्सिन हे औषध आजही काही हृदयरोग्यांना मोजूनमापून दिलं जातं.

मिठाच्या पाण्यात हात, शिडीवर पाय

विदरिंगच्या काळात हृदय तपासायला मनगटावरची नाडी आणि छातीला लावलेला कान एवढंच होतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अंगात अगदी बारीक वीज निर्माण होते. ती नेमकी टिपणारं यंत्र नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्थोव्हेन यांनी १९०१ च्या सुमारास तयार केलं. ते सुमारे २७० किलो वजनाचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. रोग्याला दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. तोच आजचा ईसीजी, म्हणजे आपण म्हणतो तो कार्डिओग्राम. या कामासाठी आइन्थोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

पण एक अडचण राहिली. स्वस्थ बसलेल्या किंवा निजलेल्या माणसाचा कार्डिओग्राम पुष्कळदा चांगला येतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असेल तर त्रास होतो तो चढ चढताना, हंडा उचलताना, घाईने चालताना. म्हणून माणसाला दमवून तपासायचं ठरलं. न्यूयॉर्कचे आर्थर मास्टर यांनी १९२९ साली दोन पायऱ्यांची चाचणी मांडली. रोग्याने दोन पायऱ्या चढायच्या, उतरायच्या आणि मग नाडी व रक्तदाब मोजायचा. पुढे त्याला कार्डिओग्रामची जोड मिळाली. अमेरिकेतल्याच सिएटल शहरात रॉबर्ट ब्रूस यांनी सरकत्या पट्ट्याचा वापर रुळवला. १९६३ साली त्यांनी मांडलेली पद्धत आजही जगभर वापरतात. पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि थोड्या चढाने सुरू होतो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. जिल्ह्याच्या गावी ज्याला टीएमटी किंवा स्ट्रेस टेस्ट म्हणतात, ती बहुतेक वेळा हीच.

दुसरं यंत्र नॉर्मन होल्टर यांचं. ते अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले, डॉक्टर नव्हते, भौतिकशास्त्र शिकलेले होते. त्यांचं म्हणणं असं, की माणूस दवाखान्यात पाच मिनिटं निजतो तेवढ्यात हृदय कळत नाही. तो कामात असताना, जेवताना, झोपेत ते कसं चालतं ते पाहायला हवं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाठीवर बांधायचं यंत्र केलं. त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं, म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा थोडंसंच कमी! पुढे ते लहान होत गेलं आणि १९६१ साली होल्टर यांनी आपल्या पद्धतीची माहिती एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आज त्यांच्या नावाचं 'होल्टर' तळहाताएवढं किंवा त्याहूनही छोटं असतं. ते चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास अंगावर ठेवून घरची कामं करता येतात.

पाणी वाढवायचं की गरज कमी करायची?

यंत्रं सुधारत होती त्याच काळात नवी औषधंही येत होती. त्यातल्या एका औषधाचा धागा आपल्या मुंबईशी जुळतो. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे वैद्यांना पूर्वीपासून माहीत होतं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रोग्यांना ते देऊन पाहिलं आणि १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापले. मग जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. पुढे त्यातून रेसर्पिन हे औषध वेगळं काढलं गेलं. ते रक्तदाब उतरवतं आणि नाडीही मंद करतं. त्याचा गुण गोळी बंद केल्यावरही कितीतरी दिवस अंगात राहतो. हे लक्षात ठेवू या, कारण प्रत्येक औषध अंगातून आपल्या गतीने जातं.

सगळ्यात मोठा बदल घडवला तो स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी. हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं, म्हणून बाकीचे लोक रक्ताचा पुरवठा कसा वाढवता येईल ते शोधत होते. ब्लॅक यांनी उलट विचार केला. विहिरीला पाणी कमी असेल तर आपण काय करतो? पाणी वाढवायचे प्रयत्न करतो, किंवा ऊस सोडून ज्वारी घेतो. म्हणजे पाण्याची गरजच कमी करतो. हृदयाचं कामच थोडं हलकं केलं तर आहे त्या रक्तात भागेल, असा त्यांचा हिशेब होता.

आपण घाबरलो, धावलो, रागावलो की अंगात अॅड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं. ते हृदयाला "पळ, पळ" म्हणून हाकारतं. हृदयाच्या पेशींवर ही हाक ऐकणारे जणू कान असतात. अमेरिकेतले रेमंड अॅल्क्विस्ट यांनी १९४८ साली या कानांचे दोन प्रकार सांगितले होते, अल्फा आणि बीटा. हृदयाला पळवणारे ते बीटा. या कानांत बोळे घालणारं औषध ब्लॅक शोधू लागले. पहिल्या औषधाने उंदरांना गाठी झाल्या, म्हणून ते सोडून दिलं. त्यानंतरचं औषध म्हणजे प्रोप्रानोलॉल. १९६५ पासून ते वापरात आलं. छातीत दुखणाऱ्या रोग्यांना त्याने मोठा दिलासा मिळाला. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पुरस्कार मिळाला. त्याच पुरस्काराच्या एक मानकरी गर्ट्रूड एलियन होत्या, अनेक औषधं घडवणाऱ्या शास्त्रज्ञ.

आज आपल्या औषधांच्या पाकिटावर दिसणारी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही नावं याच घराण्यातली. नावाच्या शेवटी 'लॉल' दिसलं की बहुतेक वेळा ते या घराण्यातलं समजावं.

गोळी आणि पट्टा समोरासमोर

आता गोळी आणि पट्टा एकमेकांच्या आड कसे येतात ते पाहू. पट्ट्याच्या तपासणीत ठोके एका पातळीपर्यंत वाढवावे लागतात. साधारण हिशेब असा, की २२० मधून वय वजा करायचं आणि उरलेल्या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत तरी पोचायचं. पन्नाशीच्या बाईसाठी २२० वजा ५० म्हणजे १७०, आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे सुमारे १४५ ठोके. पण सकाळी तिने मेटोप्रोलॉल घेतली असेल तर कितीही चालवलं तरी ठोके १२० च्या आसपास अडकू शकतात. हृदयावर पुरेसा ताण येत नाही आणि असलेला दोष दिसत नाही. कागदावर "निष्कर्ष काढता येत नाही" असं येतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे "सगळं ठीक" असा खोटा दिलासा मिळतो. भाडं, मजुरी आणि तपासणीची फी, तिन्ही वाया. त्यामुळे आजाराचं निदान करायचं असेल तर आधी गोळी थांबवायची, अशी पद्धत पडली. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल या दुसऱ्या जातीच्या गोळ्याही नाडी मंद करतात, म्हणून त्यांचाही विचार करावा लागतो. डिगॉक्सिनची तऱ्हा निराळी. ते कार्डिओग्रामची रेषाच खाली झुकवतं आणि नसलेला आजार असल्यासारखा दिसू शकतो.

गोळी थांबवली की तपासणी नीट होते, इथवर सगळं सरळ वाटतं. पण १९७० च्या दशकात एक वेगळीच गोष्ट पुढे आली. तोवर प्रोप्रानोलॉल घेणारे रोगी पुष्कळ झाले होते आणि काहींची गोळी या ना त्या कारणाने एकदम बंद होत होती. १९७४ आणि १९७५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याबद्दल लिहिलं. १९७५ च्या अहवालातले रोगी छातीच्या दुखण्याचे होते आणि गोळीवर त्यांचं बरं चाललं होतं. गोळी अचानक बंद केल्यावर २० पैकी ६ जणांना दोन आठवड्यांच्या आत गंभीर त्रास झाला. त्यातले दोघे दगावले.

असं का व्हावं? पुन्हा त्या कानांकडे येऊ. कानांत बोळे बसले की शरीर गप्प राहत नाही. हाक ऐकू येत नाही म्हणून पेशी आणखी कान उगवतात. गोळी चालू असेपर्यंत त्या नव्या कानांतही बोळे असतात. पण गोळी एकदम थांबली की सगळे कान एकाच वेळी मोकळे होतात. मग नेहमीची साधी हाकही आरोळीसारखी ऐकू येते. हृदय धडधडू लागतं, रक्तदाब चढतो, आणि रक्तवाहिनी आधीच अरुंद असेल तर झटकाही येऊ शकतो. म्हणून अशा गोळ्यांच्या माहितीपत्रकांवर इशारा छापला जाऊ लागला, की हे औषध एकाएकी बंद करू नये. कायमचं बंद करायचं असेल तर एक-दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी करावी.

तपासणी कशासाठी आहे?

म्हणजे एका बाजूला खोटा दिलासा आणि दुसऱ्या बाजूला जिवाचा धोका. यातून वाट काढायला डॉक्टर आधी एक गोष्ट ठरवतात, की ही तपासणी कशासाठी आहे? शेतातलं उदाहरण घेऊ. जमिनीत मुळात काय आहे ते पाहायचं असेल तर मातीचा नमुना खत टाकण्याआधी घेतात. नुकतंच खत टाकलेल्या वावरातली माती तपासून उपयोग नाही. पण टाकलेलं खत पिकाला लागू पडतंय का, हे पाहायचं असेल तर द्राक्षबागायतदार उभ्या बागेतल्या पानांचे देठ तपासायला देतात. तिथे खत थांबवून कसं चालेल?

हृदयाचंही तसंच. "मुळात आजार आहे का?" हा प्रश्न असेल तर ठोके मंद करणारी गोळी डॉक्टर बऱ्याचदा एक-दोन दिवस थांबवायला सांगतात. "आजार आहे हे माहीत आहे, चालू औषध पुरेसं आहे का?" हा प्रश्न असेल तर गोळी घेऊनच तपासणी करतात. होल्टर लावताना बहुतेक वेळा गोळ्या नेहमीसारख्याच चालू ठेवायच्या असतात, कारण रोजच्या आयुष्यात, रोजच्या औषधांवर हृदय कसं चालतं हेच पाहायचं असतं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर अर्थातच तसं करायचं. ज्यांना आधी झटका येऊन गेलाय किंवा थोड्या श्रमानेही छातीत दुखतं, त्यांची गोळी थांबवणं धोक्याचं असू शकतं. तो निर्णय घरी घ्यायचा नाही.

औषध अंगात किती काळ राहतं, हेही बघावं लागतं. काही गोळ्यांचा गुण एका दिवसात उतरतो, तर अॅमिओडारोन नावाच्या गोळीचा आठवडे, महिने राहतो. ती दोन दिवस सोडून काहीच साधत नाही. म्हणून शेजारणीला दिलेली सूचना आपल्याला लागू पडेलच असं नाही. तिची गोळी वेगळी असू शकते, तपासणीचं कारणही वेगळं असू शकतं.

आपणा बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. प्रोप्रानोलॉल फक्त हृदयासाठी देत नाहीत. अर्धशिशीसाठी देतात, थायरॉइड वाढल्यावर होणाऱ्या धडधडीसाठी देतात, हात थरथरतात म्हणूनही देतात. दवाखान्यात विचारतात, "हृदयाची काही गोळी चालू आहे का?" आपण खरंखरं "नाही" म्हणतो, कारण आपल्या लेखी ती डोकेदुखीची गोळी असते. आणि ती गोळी पट्ट्यावर ठोके अडकवून ठेवते. तसंच उपवासाच्या दिवशी गोळी टाळायची, पाकीट संपलं की बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायचं, दोघींत एकच पाकीट वाटून घ्यायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. 'लॉल' घराण्यातल्या गोळीशी हा खेळ चालत नाही.

मग करायचं काय? तपासणीची तारीख घेतानाच घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यायची. डोकेदुखीची, थायरॉइडची, काढ्याची बाटलीसुद्धा. डॉक्टरांना किंवा तंत्रज्ञांना प्रश्न विचारायचे. यातली कोणती गोळी थांबवायची? शेवटची कधी घ्यायची? तपासणी झाल्यावर पुन्हा कधी सुरू करायची, आणि तेवढ्याच मात्रेत का? उपाशीपोटी यायचं म्हणजे गोळीही नाही, की घोटभर पाण्याबरोबर घ्यायची? उत्तर चिठ्ठीवर लिहून मागायचं. वाचता येत नसेल तर सोबतच्या मुलीला किंवा आशाताईंना वाचून दाखवायला सांगायचं. कुणी काहीच सांगितलं नाही, तर गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. फोन करून विचारायचं.

गोळी थांबवलेल्या दिवसांत छातीत दुखलं, दम लागला, जोरात धडधड झाली, घेरी आली, तर तपासणीच्या दिवसाची वाट बघायची नाही. लगेच १०८ ला फोन करायचा. त्या दोन दिवसांत जड कामं घरातल्या दुसऱ्या कुणी करावीत. तपासणी झाली की ठरल्या वेळी गोळी पुन्हा सुरू करायची. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत. होल्टर लावलं असेल तर सोबत दिलेल्या कागदावर धडधड कधी झाली, तेव्हा आपण काय करत होतो आणि गोळी किती वाजता घेतली, हे लिहायचं. त्या नोंदीशिवाय यंत्रावरची रेषा अर्धीच बोलते.

गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपलं आणि घरातल्या थोरामोठ्यांचं गोळ्यांचं पाकीट घेऊन यावं, अशी आमची विनंती आहे. आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला बोलवा आणि कुणाच्या पाकिटावर 'लॉल' आहे ते एकत्र बसून पाहा. ज्यांच्यावर सापडेल त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर गोळीचं नाव, मात्रा, ती कशासाठी दिली आहे आणि कधीपासून चालू आहे हे लिहून ठेवावं. तपासणीला जाताना ती वही बरोबर घ्यावी.